गुस्ताव नावाचं डुक्कर आणि अर्धा विमा

ओटमार क्राइलिंग यांच्या गाडीनं ज्या रानडुकराला उडवलं, ते मरून तेव्हा तीस-पस्तीस वर्षं तरी झाली असतील.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढची भानगड ऐकताना लोक मध्येच मला अडवतात. "इरमेला, डुक्कर जिवंत होतं की मेलेलं?" मेलेलं होतं. आत भुसा भरलेलं होतं. त्याला काचेचे डोळे होते आणि पायाखाली शेवाळ चिकटवलेली लाकडी फळी होती. नाव गुस्ताव.

मी आमच्या डाख्सरोडे गावात गाड्यांचे विमे काढते. बेकरीला लागूनच माझं ऑफिस आहे. त्यामुळे विम्यासाठी कमी आणि पावाच्या रांगेत पाय दुखले म्हणून जास्त लोक माझ्याकडे येऊन बसतात. नोव्हेंबर म्हणजे आमची लगीनसराई. महिनाअखेरीपर्यंत विमा कंपनी बदलायची मुभा असते. आमच्या गावातल्या माणसाला नवरा बदलणं जमत नाही, पक्ष बदलणं पटत नाही, मग निदान विमा तरी बदलतो आणि वर्षभर मोकळं वाटून घेतो.

ओटमार मात्र कधीच बदलत नसत. वय एकोणऐंशी. नोकरी वजनमापं तपासायच्या खात्यात झालेली, त्यामुळे अजूनही खाटकाकडे गेले की आधी तराजूकडे बघतात आणि मग मांसाकडे. अडतीस वर्षं त्यांनी एकही क्लेम केलेला नव्हता. कुणी नवीन भेटलं की ते हात पुढे करून "क्राइलिंग, अडतीस वर्षं" असंच म्हणायचे. समोरच्याला वाटायचं, बिचारे तुरुंगातून सुटून आलेत.

आता हे अडतीस काय ते सांगते. गाडीचा विमा म्हणजे सापशिडी. क्लेम न करता एक वर्ष गेलं की तुम्ही एक पायरी वर चढता आणि प्रीमियम उतरतो. एक क्लेम केलात की साप गिळतो आणि खूप खाली नेऊन सोडतो. आमच्याकडे गंमत अशी, की ही चढलेली वर्षं घरातल्या माणसाला देता येतात. आजोबांनी गाडी सोडली तर नातवाला. ओटमार यांच्या मनात तेच होतं. त्यांची नात मिर्यम सुईण आहे. फ्रांकफुर्टातलं मोठं हॉस्पिटल सोडून ती आमच्या डोंगरात परत येणार होती, गावोगाव फिरून बाळंतपणं करायला. तिच्या नावावर आजवर गाडी नव्हती, म्हणजे ती शिडीच्या तळाशी. तळाच्या माणसाचा प्रीमियम असा असतो की ऐकूनच कळा याव्यात. ओटमार यांनी ठरवलं होतं, नव्या वर्षाच्या दिवशी आपण गाडी चालवणं बंद करायचं आणि किल्लीसकट ती अडतीस वर्षं नातीच्या हातात ठेवायची.

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं की बेकरीच्या रांगेत पोचतं, असा त्यांचा समज होता. समज बरोबरच होता म्हणा.

तर नोव्हेंबरचा पहिला शनिवार. शिकाऱ्यांच्या संताचा, हुबेर्टसचा दिवस. त्या दिवशी आमच्या शिकारी मंडळाचा रिवाज असा, की मंडळाच्या लाकडी घरातून गुस्तावला उचलायचं, पायी चर्चपर्यंत आणायचं, तिथे शिंगं फुंकायची, आणि मग त्याला खानावळीत नेऊन टेबलाच्या डोक्याशी उभं करून जेवायचं. गाडीवर घालायचं नाही. पायीच. हा मान मंडळाचे अध्यक्ष वेंडेलिन रुपेल यांचा, कारण गुस्तावला त्यांनीच मारलं होतं, आणि त्यानंतर मारण्यासारखं त्यांच्या हातून फारसं काही झालं नव्हतं. दुसऱ्या बाजूला त्यांचा मेहुणा.

रस्त्यात वळणावर जुना सीमेचा दगड आहे. तिथे थांबून रानाकडे तोंड करून एक घोट घ्यायचा, हाही रिवाज. रस्त्याकडेला चिखल होता. फळीवरचं शेवाळ भिजू नये म्हणून वेंडेलिन यांनी गुस्तावला डांबरी रस्त्यावर ठेवलं. येणाऱ्याला नीट दिसावा म्हणून त्याचं तोंड गाड्यांकडे केलं. मग दोघं झुडपामागे दगडापाशी गेले, रस्त्याकडे पाठ केली आणि बाटली काढली.

दुपारचं धुकं होतं. ओटमार शनिवारची गाडी धुऊन घराकडे येत होते. वळण घेतात तो समोर रानडुक्कर. आणि त्याची नजर थेट यांच्यावर.

आमच्याकडे ड्रायव्हिंग शाळेत हे घोकून घेतात: दिवे मंद करा, हॉर्न वाजवा, ब्रेक दाबा, आणि काहीही झालं तरी स्टिअरिंग सरळ धरा. झाडावर जाण्यापेक्षा जनावरावर गेलेलं बरं. ओटमार यांनी सगळं त्याच क्रमानं केलं, आणि करताना मोठ्यानं म्हटलंसुद्धा. डुक्कर हललं नाही. "हॉर्नला घाबरलंच नाही गं," ते मला नंतर सांगत होते. "असं धीराचं जनावर मी आयुष्यात बघितलं नाही."

धाडकन आवाज झाला आणि गुस्ताव फुटला.

ओटमार यांनी गाडीला पिवळे दिवे लावले, अंगात चमकणारं जाकीट घातलं, मागे धोक्याचा लाल त्रिकोण नेऊन ठेवला आणि नियमाप्रमाणे पोलिसांना फोन केला.

"जनावर जिवंत आहे का?" पोलिसानं विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"रक्त फार गेलंय?"

"रक्त नाही. भुसा गेलाय."

"आजोबा, तुम्ही गाडीत बसून राहा. डोक्याला लागलंय का?"

"डोकं ठीक आहे. डुकराचं डोकं गटारात आहे."

रानटी जनावराला धडक बसली की पोलिसांनी त्या रानाच्या शिकाऱ्याला कळवायचं असतं. त्यानं येऊन जनावर बघायचं आणि दाखला द्यायचा. त्यानुसार पोलिसानं कळवलं. दहा-वीस पावलांवर झुडपामागे, रानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या वेंडेलिन यांच्या खिशात फोन वाजला. हातातला पेला न सांडता त्यांनी फोन उचलला. धाडकन आवाज त्यांनी ऐकला नव्हता का? ऐकला होता. पण घोट घेताना मागे वळायचं नाही, असाही रिवाज आहे.

"रुपेल बोलतोय... हो... डुक्कर? कुठे? ...आलोच लगेच."

फोन खिशात घालून ते वळले.

त्यानंतर दोघांत जे बोलणं झालं ते मेहुण्याकडून मला शब्दन् शब्द मिळालं आहे.

"ओटमार! अरे हे काय केलंस? हा गुस्ताव आहे!"

"मग मला काय ठाऊक? याच्या गळ्यात पाटी होती?"

"आख्खं गाव ओळखतं त्याला!"

"पंचाहत्तरच्या स्पीडनं येताना मी डुकरांची ओळख विचारत बसू?"

"बाजूनं जायचं होतंस!"

"बाजूनं जायचं नसतं! सरळ धरायचं असतं! तू शिकारी ना? तूच दर वर्षी शाळेत पोरांना सांगतोस!"

हे खरं होतं, आणि त्यामुळे वेंडेलिन आणखीच चिडले. त्यांनी गटारातून मुंडकं उचललं, रुमालानं पुसलं आणि छातीशी धरून चर्चकडे चालू लागले. त्या दिवशी शिंगं नुसत्या मुंडक्यापुढे फुंकली. माझा नवरा शिंग वाजवतो. म्हणाला, इतक्या दुःखानं आम्ही कधी वाजवलं नव्हतं, आणि इतकं बेसूरही.

सोमवारी सकाळी पाव आणण्याच्या आधी ओटमार माझ्याकडे आले. टोपी हातात.

"पोरी, मला सगळं नीट समजावून सांग. माझ्याकडे काय काय आहे?"

"तुमच्याकडे सगळंच आहे, ओटमार. थर्ड पार्टी आहे. ती सगळ्यांना घ्यावीच लागते. तुम्ही दुसऱ्याचं काही मोडलंत तर ती भरून देते."

"मी कुणाचं काही मोडलं नाही."

"बरं. मग अर्धा विमा आहे. तुमच्या गाडीवर जे आभाळातून किंवा रानातून येतं ते त्यात. गारा, वादळ, आग, चोर, फुटलेली काच. रात्री बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडणारं ते मुंगसासारखं मार्टन. आणि रानटी केसाळ जनावराची धडक."

"केसाळ." त्यांचे डोळे चमकले. "आणि तिसरा?"

"पूर्ण विमा. तुमची स्वतःची चूक. खांबाला घासलंत, भिंतीत घातलीत."

"आणि यात साप कुठे आहे?"

"थर्ड पार्टीच्या शिडीवर एक साप, पूर्ण विम्याच्या शिडीवर दुसरा. अर्ध्या विम्याला शिडीच नाही, म्हणून सापही नाही. कितीही हरणं उडवा, तुमचे अडतीस अडतीसच राहतात."

"मग लिही. रानडुक्कर. अर्धा विमा."

"पण ओटमार, ते डुक्कर..."

"केस होते की नव्हते?"

"होते."

"रानातलं होतं की नव्हतं?"

"एके काळी होतं."

"बेकरच्या बायकोनं गेल्या वर्षी रस्त्यात मरून पडलेल्या हरणावर गाडी घातली. तुझ्या कंपनीनं पैसे दिले. दिले की नाही?"

दिले होते. मीच मिळवून दिले होते.

"म्हणजे मेलेलं चालतं," ओटमार म्हणाले. "मग मरून किती वेळ झाला हे कंपनीनं कुठे विचारलंय?"

वजनमापं तपासणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. मी लिहिलं. आता फक्त शिकाऱ्याचा दाखला हवा होता. म्हणजे वेंडेलिन यांची सही.

वेंडेलिन स्वतःच अर्ध्या तासात आले. रांग सोडून, हातात पावाची पिशवी.

"सही? मी? मी काय लिहून देऊ? ओटमार क्राइलिंग यांच्या धडकेनं रानडुक्कर मेलं? ते डुक्कर मी मारलंय! एका गोळीत! अख्ख्या जिल्ह्यात फोटो छापून आला होता!"

"मारल्याचा मान तुझ्याकडेच ठेव रे," ओटमार म्हणाले. "मी धडकलो एवढंच लिही."

"आणि मला नवीन डुक्कर कोण देणार? इरमेला, याची थर्ड पार्टी माझ्याकडे लाव. यानं माझी वस्तू फोडलीय."

"वस्तू?" ओटमार खुर्चीतून उठले. "तुझी वस्तू रस्त्याच्या मधोमध काय करत होती?"

"उभी होती!"

"तेच तर! जी वस्तू रस्त्यात उभी राहून माझ्याकडे बघते तिला मी जनावर म्हणतो!"

खरं सांगते, मला हसू आवरेना, म्हणून मी कपाटात फाइल शोधायला तोंड घातलं. पण प्रश्न साधा नव्हता. गुस्ताव जनावर ठरला तर तो रानाचा, कुणाच्याच मालकीचा नाही, आणि अर्धा विमा लागतो. तो वस्तू ठरला तर वेंडेलिन यांचा, आणि मग ओटमार यांची थर्ड पार्टी लागते, म्हणजे एक साप. गाडीची दुरुस्ती पूर्ण विम्यातून, म्हणजे दुसरा साप. एका डुकरापायी ओटमार दोन्ही शिड्यांवरून खाली यायचे.

कंपनीनं सर्व्हेअर पाठवला. गीसेनहून आला, नाव डुसेनबेर्ग, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा, हातात चिमटा. ओटमार यांच्या गॅरेजात गुडघे टेकून तो गाडीचं नाक तपासत होता. आम्ही दोघं मागे उभे.

"केस आहेत," तो म्हणाला.

"ऐकलंस?" ओटमार यांनी मला कोपर मारलं. "केसाळ."

डुसेनबेर्गनं रेडिएटरमधून चिमट्यानं काहीतरी ओढलं आणि उजेडात धरलं. "हे काय?"

"डोळा," मी म्हटलं.

"काचेचा आहे."

"म्हातारं होतं," ओटमार म्हणाले.

त्यानं डोळा पिशवीत घातला. पुन्हा चिमटा. या वेळी दोन पांढऱ्या गोळ्या निघाल्या. वास घेतला. "कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवतात त्या गोळ्या आहेत. जनावरानं खाल्ल्या होत्या का?"

"रानात काय वाट्टेल ते खातात," ओटमार म्हणाले. "लोक कचरा टाकतात ना."

डुसेनबेर्गच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. त्यानं आठवड्यानं जो अहवाल पाठवला त्यात होतं: रानडुक्कर, एक, जुनं, बराच काळ फर्निचर म्हणून वापरात. कंपनीनं त्यावर कळवलं की फर्निचर हे रानटी जनावर नव्हे. गाडीसाठी पूर्ण विमा वापरावा, आणि फर्निचरसाठी थर्ड पार्टी. आम्ही आपले नम्र.

दोन्ही साप.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा ओटमार यांनी टोपी घातली, काढली, परत घातली. "गाडी मी माझ्या पैशानं दुरुस्त करीन," ते शेवटी म्हणाले. "पूर्ण विम्याला हात लावायचा नाही."

"बरं. आणि गुस्ताव? त्याचं तर वेंडेलिन मागतायत."

"त्याला दुसरं डुक्कर विकत घेऊन देतो. कुठे मिळतं?"

त्यांनी खरंच शोधलं. माझ्याच कॉम्प्युटरवर. एक रानडुक्कर मिळालं, पण त्याच्या तोंडात सफरचंद होतं आणि पोटात दिवा. रात्री लागायचा. वेंडेलिन यांना फोटो दाखवला तर त्यांनी आठवडाभर ओटमार यांचं तोंड बघितलं नाही. सत्तर वर्षांची दोस्ती, एका बाकावर शिकलेले, आणि आता बेकरीच्या रांगेत एक आला की दुसरा वळून खाटकाकडे जायचा. ज्याला पाव हवा त्यानं सॉसेज घ्यायचं, असे दिवस आले.

आणि ओटमार वाळायला लागले. नुकसान काही फार नव्हतं, गाडी त्यांना झेपली असती. मला कळेना की एका आकड्यासाठी एवढं काय. मी दोन-तीनदा विचारलं. "मला नवीन वर्षापर्यंत ते अडतीस पाहिजेत," एवढंच म्हणायचे. "का?" म्हटलं की, "आहे काहीतरी."

मग नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, ऑफिस बंद असताना, दारावर टकटक झाली. बाहेर मिर्यम.

"इरमेलाताई, दोन मिनिटं. मी परत येतेय ना, मला गाडी लागणार. विमा किती पडेल, अंदाजे?"

मी सांगितलं. ती भिंतीला टेकली.

"एवढा? एवढ्या पैशात मी बाळंतिणींना टॅक्सीनं भेटेन की."

"पहिलीच गाडी आहे गं तुझी. तळाची पायरी."

"ओपा म्हणतात घाई करू नकोस, नवीन वर्षापर्यंत थांब, बघू काय होतं ते." ओपा म्हणजे आजोबा, आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. "पण ते इतके सुकलेत की मला वाटतं त्यांनाच काहीतरी झालंय. आज मंडळाच्या लोकांनी त्यांना खानावळीत बोलावलंय. काय ते एकदाचं मिटवू म्हणून. जाताना असे गेलेत जसे दात काढायला निघालेत."

नवीन वर्ष. अडतीस. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. वीस वर्षं मी या धंद्यात आहे.

"मिर्यम," मी म्हटलं, "तुझं लायसन्स किती वर्षांचं?"

"सहा. का?"

मी कोट घातला. "चल. खानावळीत."

आत रविवारच्या जेवणाचा वास होता, हरणाचा रस्सा आणि बटाट्याचे गोळे. लांब टेबलाच्या डोक्याशी, नेहमीच्या जागी, गुस्ताव होता. म्हणजे त्याचं मुंडकं होतं, एका मोठ्या ताटात ठेवलेलं, एक डोळा नसलेलं. एका बाजूला वेंडेलिन, समोर ओटमार. दोघांच्या पुढ्यात सफरचंदाच्या आंबट वाईनचे पेले, कुणीच उचललेले नाहीत.

"ओटमार," मी उभ्या उभ्याच म्हटलं, "ती अडतीस वर्षं तुम्हाला मिर्यमला द्यायची आहेत. बरोबर?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "कुणी सांगितलं तुला?"

"ओपा!" मिर्यम ओरडली.

"झालं! आता उद्या सकाळी रांगेत!"

"रांगेत जायच्या आधी ऐका. मला महिन्यापूर्वी विचारलं असतंत तर बिचाऱ्या डुसेनबेर्गला तो डोळा काढावा लागला नसता. देणाऱ्याकडे कितीही वर्षं असोत, घेणाऱ्याला तेवढीच मिळतात जितकी वर्षं त्याच्याकडे लायसन्स आहे. हिच्याकडे सहा आहेत. हिला सहाच मिळणार."

ओटमार यांनी माझ्याकडे बघितलं. मग मिर्यमकडे. मग, का कोण जाणे, गुस्तावकडे.

"आणि उरलेली बत्तीस?"

"जातात."

"कुठे जातात?"

"कुठेच नाही. विरून जातात. कंपनी मिठाई वाटते."

वेंडेलिन खाली बघत होते. मला वाटलं आता म्हातारा रडणार. माणसानं अडतीस वर्षं पावसापाण्यात गाडी सांभाळून चालवावी, गल्लीत वळताना श्वास रोखावा, आणि शेवटी त्यातली बत्तीस वाऱ्यावर.

"एक विचारू?" ओटमार हळूच म्हणाले. "समज, मी दोन्ही क्लेम लावले. गाडीचा आणि याचा." त्यांनी मुंडक्याकडे बोट केलं. "तर घसरून कुठे येतो?"

"विशीच्या आसपास. थोडं वरखाली."

"त्यातून सहा निघतात?"

"आरामात निघतात."

त्यांनी पेला उचलला आणि एका दमात अर्धा केला. मग बटाट्याचा गोळा ताटात ओढला, कापला, तोंडात घातला. चावता चावता म्हणाले, "वेंडेलिन, तुझ्या डुकराचं माझ्या नावावर लाव."

"काय?"

"माझ्या थर्ड पार्टीवर. चांगला कारागीर बघ. दोन्ही डोळे नवे घाल. मला बत्तीस वर्षं उडवायची आहेत."

आता खरं तर विषय मिटायला हवा होता. पण वेंडेलिन यांच्या मानेची शीर फुगली. "उपकार करतोस? डुक्कर रस्त्यात मी ठेवलं होतं. पाठ मी केली होती. शिकाऱ्याचा वेगळा थर्ड पार्टी विमा असतो, लायसन्ससाठी घ्यावाच लागतो, आणि मी आजवर त्यातून एक पैसा उचललेला नाही. तुझी गाडी माझ्या विम्यातून दुरुस्त होईल!"

"गेले चार आठवडे कुठे होता तुझा विमा?"

"गेले चार आठवडे तू मला दिव्याचं डुक्कर दाखवत होतास!"

"गाडी माझी, मी पूर्ण विमा लावीन!"

"लावून तर बघ! इरमेला, याचं ऐकू नकोस. माझं लिही. माझी चूक."

"माझी जास्त! मी पंचाहत्तरनं येत होतो, धुक्यात!"

"मी त्याचं तोंड तुझ्याकडे केलं होतं!"

महिनाभर ही दोन माणसं ते डुक्कर एकमेकांच्या गळ्यात बांधत होती, आणि आता एकमेकांच्या हातून हिसकावून घेत होती. मिर्यम मध्ये बसून दोघांच्या ताटातला रस्सा खात होती, कारण दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. मी कागद काढला आणि दोघांचीही चूक लिहिली, निम्मी निम्मी. माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच लोक स्वतःचा गुन्हा वाढवून सांगत होते आणि मला तो कमी करून लिहावा लागत होता.

दोन्ही कंपन्यांनी मुकाट्यानं पैसे दिले. मला वाटतं त्यांना डुकराबद्दल आणखी एकही पत्र वाचायचं नव्हतं. गुस्ताव कासेलच्या एका कारागिराकडे गेला आणि परत आला तो पहिल्यापेक्षा जरा हसरा दिसतो. वेंडेलिन म्हणतात, मारला तेव्हा असाच होता. एक जानेवारीला सहा वर्षं मिर्यमच्या नावावर लागणार होती, गाडीसकट.

मधला डिसेंबर ओटमार यांचा होता. मला वाटतं त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा गाडी चालवली, त्याआधी ते फक्त तिला सांभाळून इकडून तिकडे नेत होते. वेंडेलिनना शेजारी बसवून ते रोज कुठे कुठे जायचे. एकदा दोघं गीसेनला नाताळच्या बाजारात गेले, आणि ज्या पाच मजली पार्किंगमध्ये खांब इतके जवळ आहेत की तरणी माणसंही नाव काढत नाहीत, तिथे वरच्या मजल्यापर्यंत चढले. परत आले ते गरम वाइन पिऊन, म्हणजे वेंडेलिन पिऊन, आणि उजव्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब चरा घेऊन.

दुसऱ्या दिवशी ओटमार यांनी मला ऑफिसातून बाहेर बोलावलं आणि चरा दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"पूर्ण विम्यात येतो ना?"

"येतो. लिहू?"

बेकरीतून वेंडेलिन हाका मारत होते, की रांगेत तुझी जागा किती वेळ धरून ठेवू, बाया शिव्या देतायत.

"नको," ओटमार म्हणाले. "हा राहू दे. छान आलाय."

आणि ते पाव घ्यायला गेले.